नळीतली माती

माझ्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं. उभा जन्म एका छताखाली काढला आम्ही, माझ्या घोरण्यापासून माझ्या रुसण्यापर्यंत सगळं त्यांना पाठ होतं, पण हे नव्हतं. मुलीला माहीत नाही. आई-वडील तर न कळताच गेले. आणि आज तुम्हाला सांगायला बसले आहे — तुम्ही माझे कोण? कदाचित म्हणूनच सांगता येईल. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याचा चेहरा बघावा लागतो.

आधी जरा इकडचं तिकडचं बोलते. टाळते आहे, हे मलाही कळतंय.

मी विमान चालवायची. आता निवृत्त आहे, कोथरूडला एका सोसायटीत राहते. इथे मला सगळे 'कॅप्टन मॅडम' म्हणतात आणि लिफ्ट बंद पडली की बोलावतात. विमान चालवणाऱ्या बाईला लिफ्ट येत असणारच, असा हिशेब. शाळांमधून भाषणाला बोलावणी येतात. मी जाते. मुलांना आबासाहेबांची गोष्ट सांगते. ती गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे आता आपोआप होतं. शेवटी टाळ्या पडतात. दर वेळी पडतात.

आबासाहेब सरदेशपांडे म्हणजे कोण, हे आता पुण्यात सांगावं लागतं. पूर्वी लागत नव्हतं. वडिलांच्या तेलाच्या गिरण्या होत्या, घरात पैसा मावत नव्हता. मुलाला विलायतेला शिकायला पाठवलं, तर हे चिरंजीव पदवीऐवजी विमान चालवायचा परवाना घेऊन परत आले. वडील कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत म्हणे. पुण्यात माणूस सायकलवरून खाली उतरत नव्हता त्या काळात हा गृहस्थ शहराबाहेरच्या माळावर विमान उतरवत होता आणि लोक डबे घेऊन, बैलगाड्या जुंपून ते बघायला जात होते. त्याच माळावर त्यांनी धावपट्टी केली. तिच्या कडेला फ्लाइंग क्लब काढला. मग विमानाचे सुटे भाग बनवायचा कारखाना, कारखान्यातल्या लोकांसाठी वसाहत, वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याला दुतर्फा झाडं. ती झाडं कुठे किती अंतरावर लावायची हे त्यांनी विमानातून बघून ठरवलं होतं.

शहराच्या बाबतीत त्यांची एक खोड होती. पालिकेत एखादी मोठी योजना यायची असली की ते तिथल्या साहेबांना विमानात घालून वर न्यायचे. "खालून बघितलं की प्रत्येकाला आपलंच घर दिसतं," म्हणायचे, "जरा वरून बघा." एकदा एका टेकडीवर बंगल्यांची योजना येत होती. त्यांनी एका मोठ्या अधिकाऱ्याला पावसाळा संपल्या संपल्या वर नेलं, टेकडीवरून पाणी कसं कसं उतरतं आणि कुणाच्या दारात जाऊन थांबतं ते दाखवलं. अधिकाऱ्याला वर मळमळलं, खाली उतरल्यावर त्याने योजना बाजूला ठेवली. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, यावर क्लबात फार चर्चा व्हायची.

माई म्हणजे त्यांच्या पत्नी. माहेर नारायण पेठेतलं, भिक्षुकाचं घर. लग्न होईपर्यंत दुसऱ्या मजल्यावर चढल्या नव्हत्या म्हणायच्या. आबासाहेबांनी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात विमानात बसवलं आणि मग त्या बसतच राहिल्या. पर्समध्ये नेहमी आलेपाकाच्या वड्या. उड्डाणाला निघालेल्या प्रत्येक शिकाऊ मुलाच्या हातावर एक वडी ठेवायच्या — पोट ढवळू नये म्हणून. मला पहिल्या दिवशी त्यांनी दोन दिल्या. "तू बारीक आहेस," म्हणाल्या.

मी खडकीची. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. आम्ही बौद्ध; आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, आणि त्या प्रवासाची गोष्ट आमच्या घरात सणासुदीला नेमाने सांगितली जायची. आमच्या वस्तीत विमानतळ बघितलेलं कुणी नव्हतं, विमान चालवणं तर लांबच. आबासाहेब आमच्या कॉलेजात बोलायला आले होते. मी उठून विचारलं, मुलींना शिकवता का. ते म्हणाले, "विमानाला विचारून सांगतो." सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात त्यांची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि ते माझ्या वडिलांसमोर खाटेवर बसून चहा पीत होते. खर्चाचं ते बघणार होते. वडिलांनी फक्त इतकंच विचारलं, की पोरगी परत खाली येईल ना. आबासाहेब म्हणाले, "येईल. आणायचं मी शिकवीन."

शिकवलं त्यांनी. मी त्यांच्याकडून जे शिकले ते पुढे मोठमोठ्या विमानांवर मला पुरलं. ते कधी ओरडले नाहीत. माणूस पोरवयाचा असो की म्हातारा, ते 'अहो-जाहो'च करायचे. मी एकदा विमान दाणकन आपटलं, तर शेजारून आवाज आला, "अहो गायकवाड, आपल्याला जमिनीवर उतरायचंय. जमिनीत नव्हे."

आता मुद्द्याजवळ येते आहे.

उडण्याआधी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो. पंख, चाकं, पंखा, तेल, बिजागऱ्या, सगळ्यावर हात फिरवत. ही फेरी आबासाहेबांनी जन्मात कधी चुकवली नाही. कुणी कितीही सांगो की तपासलंय, ते स्वतः फिरणार. "बायको बरोबर असते माझ्या," म्हणायचे. फक्त एकच दिवस ते ही फेरी मारत नसत. क्लबातला कुणी शिकवण्याची परीक्षा पास होऊन शिक्षक झाला, की त्याचा पहिला दिवस साजरा व्हायचा तो असा — नव्या शिक्षकाने विमान तयार करायचं, आबासाहेबांसमोर उभं राहून म्हणायचं, "विमान आपल्या स्वाधीन," आणि आबासाहेबांनी एक बोटसुद्धा न लावता, एक नजरसुद्धा न टाकता सरळ आत चढायचं, माईंना शेजारी बसवायचं आणि शहरावरून एक चक्कर मारून यायचं. "कागद सरकारने दिलाय," म्हणायचे, "आता माझ्याकडून हे घ्या." हार नाही, पेढे नाहीत. एवढंच. पण त्यासाठी आम्ही जीव टाकायचो.

माझा दिवस आला. क्लबातली पहिली बाई शिक्षक. वर्तमानपत्राचा माणूस फोटोला येणार होता. वडील कारखान्यातून रजा काढून येणार होते, इस्त्रीचा सदरा घालून. मला विमान असं लखलखीत हवं होतं की फोटोत दिसलं पाहिजे. म्हणून आदल्या दिवशी सकाळी मी ते अख्खं धुतलं. एकटीने, कुणाला हात लावू दिला नाही. आणि धुताना मला ती टोपी दिसली.

हे जरा समजावून सांगते. विमानाच्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, तोंड पुढे. समोरचा वारा तिच्यात शिरतो, आणि त्याच्या दाबावर आत वैमानिकासमोर वेगाचा काटा हलतो. विमान उभं असताना त्या नळीवर कापडाची एक लाल टोपी घालून ठेवतात, कारण त्या माळावर कुंभारीण माश्या फार होत्या. तुमच्याही खिडकीच्या कोपऱ्यात त्यांनी मातीचं घर केलं असेल. भोक दिसलं की ती माशी माती आणून लिंपायला घेते.

तर टोपी मळली होती. फोटोत मळकी दिसली असती. मी ती काढली, साबण लावून धुतली आणि दोरीवर वाळत घातली. दिवसभर ऊन होतं. दिवसभर नळी उघडी होती. संध्याकाळी स्वच्छ, कोरडी, लालभडक टोपी मी परत नळीवर चढवली आणि लांब उभी राहून बघितलं, छान दिसते का.

दुसऱ्या दिवशी फेरी मारताना मी टोपी काढली. नळीच्या तोंडात डोकवायचं असतं. मी डोकावले नाही. कशाला डोकावायचं? टोपी तर होती ना वर. आणि फोटोवाला म्हणत होता, मॅडम, इकडे बघा. मॅडम — मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हणत होतं. मी इकडे बघितलं.

"विमान आपल्या स्वाधीन," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला होता. आबासाहेबांनी मान तुकवली, विमानाकडे न बघता माझ्याकडे बघितलं, आणि चढले. माईंनी जाता जाता माझ्या वडिलांच्या हातावर आलेपाकाची वडी ठेवली.

नळी पूर्ण बंद झाली असती तर काटा हललाच नसता, आणि धावतानाच त्यांनी विमान थांबवलं असतं. ती अर्धवट बंद होती. काटा हलत होता, फक्त कमी दाखवत होता. ते वर गेले, शहरावरून फिरले, परत आले. उतरताना काटा त्यांना सांगत असणार, वेग कमी आहे, विमान पडेल. ते वेग वाढवत असणार. आम्ही खाली उभे असलेल्यांना स्पष्ट दिसत होतं की ते फार जोरात येताहेत. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "अरे, आबासाहेब हे काय करताहेत?" चाकं टेकली तोवर अर्धी पट्टी मागे गेली होती. विमान उसळलं, पुन्हा आपटलं, पट्टी संपली तरी धावत राहिलं आणि बाभळींच्या अलीकडच्या चरात नाक खुपसून उभं राहिलं.

सगळे धावलो. आबासाहेबांच्या कपाळातून रक्त येत होतं, ते स्वतः बाहेर आले. माईंना काढायला वेळ लागला. त्या ओरडत नव्हत्या, फक्त "पाय, पाय" म्हणत होत्या. त्यांना गाडीत घालताना आबासाहेब वळले. मला म्हणाले, "गायकवाड, विमानापाशी थांबा. तपासणी होईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

गाडी गेली, माझे वडील गेले, फोटोवालाही गेला. मी विमानापाशी थांबले. पंख वाकडा होऊन माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आला होता आणि ती नळी समोरच होती. आता मी आत डोकावले.

माती होती. ओलसर, नीट लिंपलेली, मधे एक बारीक फट ठेवलेली.

मी आधी सुन्न झाले, असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. माझं डोकं फार भराभर चाललं. मी केसातला आकडा काढला, सरळ केला आणि नळीत घालून माती कोरून काढली. मातीबरोबर एक हिरवी अळी आली — ती माशी आपल्या पिल्लासाठी अळ्या भरून ठेवते. अळी अजून जिवंत होती, जरा जरा हलत होती. मी ती मातीत पायाखाली घेतली. तळहातावरची माती पॅंटला पुसली. नळीत फुंकर मारून बघितली. आणि मग आबासाहेबांनी सांगितल्याप्रमाणे, कुणाला हात लावू न देता, संध्याकाळपर्यंत तिथे उभी राहिले.

तपासणीला माणूस आला. त्याने वेगाचा काटा तपासला. काटा अचूक होता. नळी तपासली, नळी स्वच्छ होती. आबासाहेबांनी त्याला सांगितलं, की माझं अंग सांगत होतं वेग जास्त आहे, वाऱ्याचा आवाजही जास्त वेगाचा होता, पण काटा कमी दाखवत होता, म्हणून मी काट्याचं ऐकलं. तो नम्रपणे म्हणाला, "काटा बरोबर आहे, साहेब." मी तिथेच उभी होते. आबासाहेब थोडा वेळ काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे यंत्र ठीक आहे. माणूस ठीक नाही." आणि त्याच दिवशी परवाना परत पाठवून दिला. कुणी मागितला नव्हता.

हीच ती गोष्ट. शाळांमधून सांगते ती. केवढा मोठा माणूस, सगळं आयुष्य आकाशात काढलेला, आणि स्वतःची चूक एका वाक्यात कबूल करून मोकळा झाला — मुलांनो, याला म्हणतात प्रामाणिकपणा. परवा त्यांच्या नावाच्या चौकाचं उद्घाटन झालं तेव्हाही मी हेच बोलले. नगरसेवकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आबासाहेबांनी न केलेली चूक कबूल केली आणि मी, जिने ती केली, ती त्याबद्दल त्यांचं कौतुक करत गावभर फिरते आहे. त्या दिवशी घरी येऊन ताट वाढून घेतलं आणि जेवले नाही.

मोकळे झाले, म्हणते मी भाषणात. कसले मोकळे? माईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या काळात जे करता येत होतं ते केलं, पण त्यांना पुन्हा धड चालता आलं नाही. आबासाहेबांनी घरात नर्स ठेवू दिली नाही. माईंना उठवणं, न्हाणीपर्यंत नेणं, त्यांचे केस विंचरणं, सगळं स्वतः. ज्यांच्या घरात नोकरांची रांग होती ते. मी एकदा दिवाळीच्या फराळाला गेले तर ते माईंच्या मागे स्टुलावर बसून त्यांची वेणी घालत होते, आणि ती काही केल्या जमत नव्हती. मी म्हटलं, द्या, मी घालते. ते म्हणाले, "नको. हे माझ्यामुळे झालंय, मीच करणार." माई पुढून म्हणाल्या, "यांना सांगून दमले मी. माझा पाय गेला, ठीक आहे. यांचं तर सगळं आभाळ गेलं. कुणाचं जास्त गेलं ते तूच सांग बाई." मी चकली खात होते. ती चकली मी संपवली.

तेव्हा सांगता आलं असतं. त्या दिवशी, त्या खोलीत, दोघांसमोर. किती सोपं होतं.

का नाही सांगितलं? सबब होती माझ्याकडे, चांगली भरभक्कम सबब होती. पहिली बाई, त्यातून आमच्या वस्तीतली. माझं कळलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, यांना द्यायचंच कशाला. माझ्यामागून येणाऱ्या मुलींची दारं बंद झाली असती. हे खोटं नव्हतं. लोक म्हणालेच असते. पण आबासाहेब म्हणाले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि मला सांगायचं होतं फक्त त्यांना. वस्तीचं, मुलींचं ओझं मी स्वतःच्या भित्रेपणावर पांघरुणासारखं ओढून घेतलं. ज्या लोकांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही त्यांना मी पुढे केलं. याची मला आता जास्त लाज वाटते.

आणि मला मोठं व्हायचं होतं. तेही सांगते. मला विमान कंपनीची नोकरी लागायची होती, त्यासाठीची शिफारस आबासाहेबच करणार होते. त्यांनी केली.

ते पुन्हा विमानात बसले नाहीत, प्रवासी म्हणूनसुद्धा नाही. मग क्लबात येणं कमी झालं, मग बंद झालं. मालकच फिरकेना म्हटल्यावर क्लब ढेपाळला. धावपट्टीची जमीन विकली गेली, आज तिथे गगनचुंबी इमारती आहेत, जाहिरातीत विमानाचं चित्रही आहे. पण मला त्याहून वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. ते पालिकेच्या बैठकांना जाईनासे झाले. बोलावलं तर म्हणायचे, "माझ्या नजरेवर आता विसंबू नका." त्या टेकडीची योजना पुन्हा वर आली तेव्हा लोक त्यांच्याकडे गेले होते, मीही तिथे होते. त्यांनी नकाशा बघितला. बोट टेकवलं, काहीतरी बोलणार होते. मग बोट उचलून घेतलं आणि म्हणाले, "मला वाटतंय ते बरोबर असेल याची खात्री नाही. तरुण लोकांना विचारा." त्या टेकडीच्या अर्ध्या भागावर आता बंगले आहेत. जोराचा पाऊस झाला की खालच्या वस्तीत पाणी शिरतं, तुम्ही बातम्यांमध्ये बघत असाल.

एका माणसाने आयुष्यभर स्वतःच्या डोळ्यांवर, कानांवर विश्वास ठेवला होता. त्या जोरावर विमानं चालवली, कारखाना उभा केला, आम्हाला घडवलं, अर्धं शहर वसवलं. आणि त्या दिवशीही त्याचे डोळे, त्याचे कान, त्याचं अंग त्याला खरं तेच सांगत होतं. काटा खोटा होता. हे जगात फक्त मला माहीत होतं.

माई गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी आबासाहेबांना भेटायला गेले. तोवर मी कॅप्टन झाले होते, मोठी विमानं चालवत होते. दुपारची वेळ, ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. फार वाळले होते. चहा आला. माझ्या नोकरीचं विचारलं, कुठल्या विमानतळावर वारा कसा असतो ते विचारलं. लोहगावकडे जाणारं एक विमान वरून गेलं, मी मान वर केली, त्यांनी केली नाही. मग कप बशीत ठेवून म्हणाले,

"गायकवाड, एक विचारू का? रागावू नका."

मी म्हटलं, विचारा.

"त्या दिवशी नळी स्वच्छ होती ना? तुम्ही आत बघितलं होतं?"

त्यांना सुचलं होतं. अर्थातच सुचलं होतं, केव्हाच सुचलं असणार. ते आबासाहेब होते. आणि इतकी वर्षं त्यांनी विचारलं नव्हतं, कारण विमान मी त्यांच्या स्वाधीन केलं होतं आणि त्यांनी ते न बघता घेतलं होतं. आता माई नव्हत्या, विमान नव्हतं, क्लब नव्हता. शिक्षा करणारं कुणी उरलं नव्हतं. माझी नोकरी कुणी काढून घेणार नव्हतं. वडीलही राहिले नव्हते. समोर एक म्हातारा माणूस होता आणि त्याला मरण्याआधी एवढंच हवं होतं, की आपलं अंग आपल्याशी खोटं बोललं नव्हतं हे कुणीतरी सांगावं.

मी म्हणाले, "हो, आबासाहेब. मी बघितलं होतं. स्वच्छ होती."

त्यांनी हळूहळू मान हलवली. खुर्चीच्या हातावर दोन-तीनदा बोटं फिरवली.

"मग मीच," ते म्हणाले. "बरं झालं, विचारलं. आणि माफ करा हं मला. इतकी वर्षं मनात कुठेतरी तुमच्यावर संशय होता. वाईट गोष्ट आहे ती."

मी म्हणाले, "असू दे, आबासाहेब. असं होतं कधीकधी."